समतेचं अनुदान: बडोद्यातून अर्ज करणाऱ्या नवख्यांसाठी

दर वर्षी जून-जुलैत मला एक ठरावीक फोन येतो. पलीकडे दांडिया बाजारातल्या नाहीतर रावपुऱ्यातल्या कुठल्यातरी मराठी घरातली, नुकतीच एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेली मुलगी असते. "काकू, पुण्याची मावसबहीण म्हणते बार्टीचे फॉर्म सुटलेत. मी भरू का?" मी विचारते, "तुझं रेशनकार्ड कुठलं?" "बडोद्याचंच की!" मग नको भरू. बार्टी आणि सारथी पुण्यातल्या, महाज्योती नागपुरातली. तिन्ही महाराष्ट्र सरकारच्या संस्था आणि त्यांच्या फेलोशिपा महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. आपण घरात मराठी बोलतो, गणपतीत आरत्या मराठीत म्हणतो, एवढ्यावर तिथला अधिवास सिद्ध होत नाही. तोवर त्या मुलीचे पंधरा दिवस गेलेले असतात आणि ज्या योजनेत ती खरोखर बसत होती, तिची तारीख उलटून गेलेली असते.

ते पंधरा दिवस वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. विद्यापीठांतल्या संशोधनात बायका, दलित, आदिवासी, इतर मागास आणि दिव्यांग यांचा वाटा वाढावा म्हणून काढलेल्या योजना आपल्याकडे बऱ्याच आहेत आणि पैसाही अगदी तुटपुंजा नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी.

आधी दार ओळखा

या पैशाला तीन दारं आहेत. पहिल्या दारावर विचारतात, तुम्ही कोण? स्त्री आहात, अनुसूचित जातीच्या आहात, दिव्यांग आहात, मधे काही वर्षं काम सुटलं होतं, अशा ओळखीवर इथे प्रवेश मिळतो. विषय मात्र तुमचा कुठलाही असू दे. दुसऱ्या दारावर विचारतात, अभ्यास कशाचा करणार? इथे तुम्ही कोणत्या जातीचे, स्त्री की पुरुष, याला महत्त्व नाही. विषमता हा तुमच्या संशोधनाचा विषय हवा. तिसरं दार संस्थेचं. तिथून एकट्यादुकट्याला आत जाता येत नाही.

दार चुकलं की अर्ज गेलाच म्हणून समजा. एका मुलाचा प्रस्ताव मी वाचला होता. विषय उत्प्रेरकांचा, म्हणजे शुद्ध रसायनशास्त्र. पण त्यातली पहिली अडीच पानं वडिलांच्या मजुरीवर आणि वसतिगृहातल्या हालांवर. प्रयोग कसा करणार ते अर्ध्या पानात उरकलेलं. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अनुदान मिळालं नाही. पहिल्या दारावर ओळख सिद्ध करायला जातीचा दाखला असतो. तो जोडला की ते काम संपलं. पुढे परीक्षकाला रसायनशास्त्रच वाचायचं असतं, आणि तसंच असावं. उलट बाजूची चूकही पाहिली आहे: समाजशास्त्राची मुलगी दुसऱ्या दारातून जात होती आणि तिने "मी स्वतः स्त्री असल्याने मला हा विषय समजतो" हीच पद्धती म्हणून लिहिली होती.

पीएच.डी. करत असाल तर

इथे बहुतेक सगळा पहिल्या दाराचा मामला आहे. केंद्राच्या राष्ट्रीय फेलोशिपा आहेत: अनुसूचित जातींसाठी वर्षाला २,००० जागा, इतर मागासवर्गीयांसाठी १,०००, अनुसूचित जमातींसाठी ७५० आणि दिव्यांगांसाठी २००. अनुसूचित जाती आणि इतर मागास यांची निवड नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालाशी जोडलेली आहे, म्हणून "नेट निघालं नाही तर फेलोशिपसाठी अर्ज करीन" हा बेत उलटा आहे. दर जेआरएफचाच, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा: १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये.

एकुलत्या एक मुलींनी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप जरूर पाहावी. भाऊ नाही, बहीण नाही, एवढीच मुख्य अट. जुळ्या बहिणी असतील तरी चालतं. पीएच.डी. पूर्णवेळ हवी. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून त्यावर मामलतदार किंवा वरच्या अधिकाऱ्याची साक्षांकित सही घ्यावी लागते. या फेलोशिपला जातीची अट नाही म्हणून आपल्याकडच्या कितीतरी मुलींना ती ठाऊकच नसते. "सरकारी म्हणजे आपल्यासाठी नसेल" असं गृहीत धरून मोकळ्या होतात.

यांपैकी काहीच जमलं नाही तर गुजरात सरकारची शोध योजना आहे. इथल्या विद्यापीठात पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला दोन वर्षं महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० रुपये वरखर्चाला मिळतात. जेआरएफ आणि शोध दोन्ही एकदम घेता येत नाहीत. लपवून घेतली तर पुढे वसुली निघते, तेव्हा तो विचारही करू नका.

नोकरीत असाल, किंवा नोकरी सुटून वर्षं लोटली असतील तर

इथे नावांचा गुंता आहे, जरा धीराने वाचा. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची 'वुमन सायंटिस्ट' योजना वीसेक वर्षं ए, बी, सी अशा भागांत चालली. आता ती वाइज-किरण या छत्राखाली आली आहे: पीएच.डी.साठी वाइज-पीएचडी, त्यानंतरच्या संशोधनासाठी वाइज-पीडीएफ, समाजाच्या थेट उपयोगाच्या कामासाठी वाइज-स्कोप, पेटंटच्या क्षेत्रात प्रशिक्षणासाठी वाइज-आयपीआर आणि ज्येष्ठ स्त्री-शास्त्रज्ञांसाठी विदुषी. जीवशास्त्राच्या बाजूला जैवतंत्रज्ञान विभागाची स्त्री-शास्त्रज्ञांसाठीची बायोकेअर योजना आहे, २०११ पासूनची.

दुसरा गुंता एसईआरबीचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाचा. हे मंडळ आता राहिलेलं नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, आलं आणि मंडळ त्यात विलीन झालं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निम्म्या पीडीएफमध्ये अजून जुनाच पत्ता असतो. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी एसईआरबीची एम्पॉवरमेंट अँड इक्विटी योजना होती, आता एएनआरएफची इन्क्लूजिव्हिटी रिसर्च ग्रँट आहे. तेव्हा पीडीएफ कुणी का पाठवलेली असेना, चालू जाहिरात स्वतः उघडून वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

आकड्यांचं एक उदाहरण देते, कारण त्यातून बडोद्याची गंमत कळते. २०२० च्या ऑक्टोबरात स्त्री-संशोधकांसाठी एसईआरबीची पॉवर योजना आली. तिच्यात संशोधन-अनुदानाच्या दोन पातळ्या होत्या. आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा, केंद्रीय विद्यापीठं इथल्या बायकांना तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत; राज्य विद्यापीठं, महाविद्यालयं आणि खासगी संस्थांतल्या बायकांना ३० लाखांपर्यंत. आता आपल्याकडे पाहा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ राज्याचं. लालबागेतलं गतिशक्ती विश्वविद्यालय केंद्राचं. गुजरात केंद्रीय विद्यापीठाचं आवार डभोई तालुक्यातल्या कुंढेल्याला. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोन मैत्रिणी एकाच योजनेत अर्ज करतात आणि एकीची मर्यादा दुसरीच्या दुप्पट असते. माझ्या मते हे उफराटं आहे, कारण यंत्रं राज्य विद्यापीठातच कमी असतात. पण नियम तसा असेल तर बजेटही तसंच मांडावं लागतं. संस्थेचा वर्ग कोणता, हे अर्जाच्या पहिल्याच दिवशी तपासून घ्या.

कामात पडलेला खंड कसा लिहावा

माझा विषय आहारशास्त्र. मुलगा आणि सासूबाईंचं आजारपण यांत माझी सात वर्षं गेली. परत आल्यावरच्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं: "काही अपरिहार्य कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे मला नाइलाजाने संशोधनापासून दूर राहावे लागले, तरी कृपया सहानुभूतीने विचार व्हावा." माझ्या जुन्या गाईड बाईंनी लाल पेनाने ती ओळ खोडली आणि म्हणाल्या, "अगं, तू काय देवळाबाहेर बसली आहेस का? योजना खंड पडलेल्यांसाठीच आहे ना?" मग त्यांनी जे लिहवून घेतलं ते असं: "जून ते एप्रिल, सात वर्षे, बालसंगोपन व आजारी व्यक्तीची शुश्रूषा. या काळात दोन शोधनिबंधांचे परीक्षण, एका अंगणवाडी प्रशिक्षण पुस्तिकेचे लेखन." तारखा, कारण, आणि त्या काळात जे थोडंफार केलं ते. विनवणी नाही, सफाई नाही. घरी बसून केलेलं भाषांतर, शिकवण्या, परीक्षणं, सगळं धरतात. काहीच केलं नसेल तर तारखा आणि कारण पुरे.

कागद: प्रस्तावाआधी हे

कागदपत्रांना प्रस्तावापेक्षा जास्त वेळ लागतो. मराठी कुटुंबांना तर बडोद्यात आणखी जास्त.

कारण असं की अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि पुन्हा १९९४ च्या निकालांत स्पष्ट केलं आहे. वडील जळगावहून नंदेसरीच्या कारखान्यात नोकरीला आले असतील, तर त्यांचा दाखला महाराष्ट्राचा. केंद्राच्या योजनेत तो चालतो; गुजरात सरकारच्या राखीव जागेला चालत नाही. पण आजोबा-पणजोबा गायकवाडीपासून इथेच असतील तर गोष्ट वेगळी: तेव्हा तुमची जात गुजरातच्या यादीत आहे का हे पाहायचं आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढायचा. बडोद्याच्या जुन्या वाड्यांमध्ये हे कागद बहुधा पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली असतात. आजी हयात असेल तर आजच विचारा.

इतर मागासवर्गीयांनी नॉन-क्रिमीलेअर दाखला काढताना खिडकीवर "केंद्र सरकारच्या नमुन्यात हवाय" हे दोनदा सांगावं. राज्याच्या कामाला लागणारा गुजराती नमुना निराळा, केंद्राचा इंग्रजी निराळा. जन सेवा केंद्रात न सांगता अर्ज केलात तर हातात गुजरातीच पडणार आणि दिल्लीचं पोर्टल तो परत पाठवणार. उत्पन्नाच्या दाखल्याला इथे 'आवकनो दाखलो' म्हणतात. खिडकीवर तसंच म्हणा, काम लवकर होतं.

दिव्यांगांनी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, आधी करून ठेवावं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीही येतात. पुष्कळांना आपण त्यात बसतो हे माहीतच नसतं. सवलतीला साधारणपणे ४० टक्क्यांची अट असते.

दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पदवीवरचं नाव एकसारखं आहे का, हेही बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथे हटकून अडकतात. त्यात गुजराती पद्धतीने आडनाव आधी, मराठी पद्धतीने शेवटी, आणि वडिलांच्या नावामागे कुणीतरी हौसेने 'भाई' जोडलेलं. राजपत्रात नाव बदलून घ्यायला वेळ लागतो; तोवर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

प्रस्ताव: समावेशन बजेटमध्ये दिसतं

आता दुसऱ्या दाराबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद, म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली आयसीएसएसआर, छोट्या-मोठ्या प्रकल्पांना अनुदान देते. तिथे येणाऱ्या प्रस्तावांत 'वंचित', 'समावेशक', 'सक्षमीकरण' हे शब्द ढिगाने असतात. हे शब्द वाचून कोणताही परीक्षक आता हलत नाही. तो बजेट उघडतो. तुम्ही खरोखर कुणापर्यंत पोहोचणार आहात, ते तिथे कळतं.

माझाच अनुभव सांगते. छोटा उदेपूर जिल्ह्यात, कवांटच्या बाजूला, राठवा बायकांमधल्या रक्तक्षयावर काम करायचं होतं. प्रश्नावली मोठ्या मेहनतीने केली, गुजरातीत. पहिल्या गावात बसलो. बायका प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होत्या. "लोहाच्या गोळ्या घेता?" हो. "रोज?" हो. "चक्कर येते?" हो. "येत नाही ना?" हो. तासाभराने तिथल्या आशाबेनने, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीने, मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बेन, या घरात राठवीच बोलतात, तुमचं अर्धं त्यांना कळत नाही आणि पाहुण्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून हो म्हणतायत. त्या दिवसाचे सगळे फॉर्म मी फाडले.

पुढच्या प्रस्तावात बजेट बदललं. राठवी बोलणाऱ्या दोन स्थानिक मुलींचं मानधन, प्रश्नावली तोंडी घेऊन ध्वनिमुद्रणाची सोय, मुलाखतीला येणाऱ्या बाईची बुडालेली दिवसाची मजुरी, आणि तेवढा वेळ तिचं पोर सांभाळायला एक बाई. ही शेवटची ओळ टाकताना सहकारी हसले होते. परीक्षकाने नेमकी तीच ओळ धरून विचारलं, आणि मी कवांटची गोष्ट सांगितली. वेळापत्रकही बदललं. हाटाच्या दिवशी गावात कुणी भेटत नाही. पावसाळा सरला की अर्धं गाव मजुरीला सौराष्ट्राकडे आणि शहरांत जातं. होळीला मात्र सगळे घरी येतात, कवांटचा घेर मेळा तेव्हाच असतो. म्हणून मुलाखती होळीच्या पुढेमागे धरल्या. ऑक्टोबर ते डिसेंबर असा सुबक तिमाही तक्ता केला असता तर घरी राहिलेल्या म्हाताऱ्याच मोजल्या असत्या.

आदिवासी समाज, गरोदर बायका, कैदी असे गट असतील तर आचार-समितीची मंजुरी जास्त काटेकोर असते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांना अधिक संरक्षण लागणारे गट मानतात. संमतीपत्र त्यांच्या भाषेत हवं आणि लिहिता न येणाऱ्या बाईसाठी साक्षीदार हवा. मंजुरीला निदान दोन महिने धरा.

विज्ञान शाखेतल्या लोकांना वाटतं की हे समाजशास्त्राचं झालं, आपला काय संबंध? पण रक्ताचे नमुने फक्त शहरातल्या पुरुष विद्यार्थ्यांचे घेतले, तर ती निवडसुद्धा समतेचाच प्रश्न आहे. नमुना कुणाचा आणि का, हे एका परिच्छेदात लिहून टाका.

बजेटचे छोटे खड्डे

प्रकल्पावर जेआरएफच्या दराने एक संशोधक ठेवली तर नुसतं मानधन वर्षाला ४,४४,००० रुपये. त्यावर घरभाडं भत्ता. इथे अहमदाबादच्या मैत्रिणीचं बजेट उतरवून घेणारे फसतात: या भत्त्याच्या यादीत अहमदाबाद एक्स वर्गातलं शहर, बडोदं वाय वर्गातलं, टक्केवारी वेगळी. ओव्हरहेड हा संस्थेचा हिस्सा असतो, तुमचा नव्हे. त्यात लॅपटॉप बसवायचा प्रयत्न करू नका. यंत्राच्या किमतीला कोटेशन जोडा. आणि आकडा मर्यादेच्या बराच खाली ठेवला की प्रस्ताव मंजूर होतो, ही समजूत सोडून द्या. काम दहा लाखांचं आणि मागितले सहा, तर काम समजलेलं नाही असाच अर्थ निघतो. आपल्याकडच्या बायका हमखास कमी मागतात, घरखर्चाच्या सवयीने.

सही

अर्ज ऑनलाइन असला तरी संस्थेच्या प्रमुखाचं किंवा कुलसचिवांचं शिफारसपत्र लागतंच, आणि नवखे इथेच बुडतात. एका संस्थेत माझा कागद अकरा दिवस एका टेबलावर होता, कारण वरच्या लिफाफ्यावर 'तातडीचे' लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सही मिळाली, आणि सर्व्हर बसला. तेव्हापासून मी सहीचा कागद प्रस्ताव अपुरा असतानाच फिरवायला घेते. शीर्षक आणि एकूण रक्कम पक्की झाली की तेवढं पुरतं. विभागप्रमुख, अधिष्ठाता, लेखा विभाग, कुलसचिव, अशा चार पायऱ्या धरा आणि दिवाळी मधे येतेय का ते बघा. नवरात्रसुद्धा. बडोद्यात नवरात्रात दुपारनंतर कुणाच्याही टेबलावर काम हलत नाही, सगळे रात्रीचे गरब्यातून आलेले असतात.

तिसरं दार

१९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर संस्थानाची नोकरी करण्याचा करार. आज त्याच प्रकारची केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची, उत्पन्नाची अट ८ लाखांच्या आत. तर १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्याला नोकरीवर आले. पदवी होती, पद होतं, पगार होता. राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मग कमाटी बागेत झाडाखाली बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

माणसाला पैसे दिले आणि कचेरी तशीच ठेवली, तर काय होतं, याचा नमुना आपल्याच शहरात आहे. तिसरं दार याच्यासाठी असतं. ब्रिटनमध्ये २००५ पासून अथेना स्वान सनद आहे. तिथे विद्यापीठ आपल्याच आकड्यांची तपासणी करतं: विद्यार्थिनी किती, प्राध्यापिका किती, मधल्या कुठल्या पायरीवर त्या गळतात. तिच्या धर्तीवर विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये गती हा कार्यक्रम आणला आणि ३० संस्थांपासून सुरुवात केली. हे 'गती' लालबागेतल्या गतिशक्तीचं नव्हे. नावावरून माणसं गोंधळलेली मी पाहिली आहेत. महिला विद्यापीठांसाठी २००९ पासून क्युरी ही योजना आहे; सहशिक्षण असलेल्या संस्थांना ती मिळत नाही.

नवख्या अध्यापिकेने या दारात काय करायचं? अर्ज ती करत नाही, पण आकडे तीच गोळा करू शकते. विभागातल्या गेल्या दहा वर्षांच्या पीएच.डी. नोंदण्या, किती पूर्ण झाल्या, किती सुटल्या, सुटलेल्यांत मुली किती. रॅम्प आहे का, आणि असला तर त्याच्यापुढे स्कूटर लावलेल्या असतात का. पाळणाघर, अंतर्गत तक्रार समिती कागदावर की प्रत्यक्षात. असा तक्ता तयार असला की संस्थेला अर्ज करायचं सुचतं, एरवी सुचत नाही. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हंसा मेहतांचं नाव आहे. १९४९ मध्ये त्या इथे कुलगुरू झाल्या, सहशिक्षणाच्या विद्यापीठाची कुलगुरू झालेली देशातली पहिली स्त्री. ग्रंथालयात जाताना मला हे दर वेळी आठवतं, आणि मग विभागातल्या प्राध्यापिका बोटांवर मोजून होतात.

परदेशी अनुदानांच्या जुन्या याद्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. अमेरिकेत २०२५ मध्ये समता-समावेशनाची कितीतरी सरकारी अनुदानं मधूनच रद्द झाली.

नकार आणि मंजुरी

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागा. पोर्टलवर दिसत नसतील तर मेल करा. शेरे वाचून लगेच उत्तर लिहायला बसू नका, आठवडाभर राग जाऊ द्या. "पद्धती अस्पष्ट" असा शेरा असेल तर तो बहुधा खरा असतो. "महत्त्वाकांक्षी" म्हणजे वेळापत्रकावर त्यांचा विश्वास बसला नाही. "विषय योजनेच्या कक्षेत नाही" म्हणजे दार चुकलं. तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवा, एक शब्दही न बदलता चालून जाईल.

मंजुरी आली तर पेढ्यांच्या आधी मंजुरीपत्राच्या चार प्रती काढा. पैसा वर्षावर्षाने येतो आणि पुढचा हप्ता विनियोग प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे पैसा कुठे खर्च झाला याच्या दाखल्याशिवाय, सुटत नाही. नमुना ठरलेला आहे, सर्वसाधारण वित्तीय नियमांतला १२-अ. लेखा विभाग तो मार्चअखेर भरतो, तेव्हा तुमची बिलं फेब्रुवारीत त्यांच्या टेबलावर हवीत. माझं एक बिल टॅक्सीचं होतं, कवांटहून परत येतानाचं, आणि त्यावर तारीख नव्हती. साडेतीन हजार रुपये खिशातून गेले.

आणि मधेच दिवस गेले तर लपवू नका, घाबरूही नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या संपूर्ण काळात मुलींना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते आणि मुदतीतही स्त्रिया व दिव्यांगांना जादा दोन वर्षांची सवलत आहे. गाईडला तोंडी सांगून भागत नाही. विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज, त्याची पोच, आणि फेलोशिप देणाऱ्या संस्थेला वेगळी प्रत. गेल्या वर्षी बार्टीवाल्या फोनमधली एक मुलगी, आता शोधची फेलो, सातव्या महिन्यात माझ्याकडे आली होती. पोच घेतली नव्हती. आम्ही दोघी रिक्षाने पुन्हा विभागात गेलो आणि शिक्का मारून आणला.